व्हरांड्यातले वीस गुण

हिंगोली,
रविवार, ११ मार्च २००७

प्रिय सरिता,

तुझा राजीनामा मिळाला. बुधवारी निकालाच्या कागदाखाली सरकवून गेलीस तो. दोन ओळी, 'घरगुती कारणामुळे', आणि खाली सही. चौदा वर्षं मंडळाचा सगळा पत्रव्यवहार जिच्या हातचा, तिला इतकं कोरडं लिहिता येतं हे मला ठाऊक नव्हतं. मी तो मंजूर केलेला नाही आणि नामंजूरही केलेला नाही. निकालही अजून फळ्यावर लावलेला नाही. परवा मंगळवारी समितीची बैठक आहे, तिथं दोन्हींचं काय ते ठरेल. त्याआधी हे पत्र तुला मिळायला हवं, म्हणून उद्या सकाळच्या वसमत गाडीच्या कंडक्टरकडे देणार आहे. तुझ्या भावाला, प्रेमानंदला, कुरुंद्याच्या फाट्यावर उभं राहायला सांगितलंय. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर मी बोलत नाही, नुसती ओरडते, असं तूच सगळ्यांना सांगत असतेस.

इथली हालहवाल अशी की तुझ्याशिवाय कॉम्प्युटर सुरू होत नाही. पारुबाईनं गुरुवारी त्याला उदबत्ती ओवाळली, तरी नाही. चहा ती करते, म्हणजे साखर उकळते. औंढ्याच्या बालवाडीसाठी मागवलेल्या पाट्या आल्या, त्यातल्या अकरा फुटक्या निघाल्या. दुकानदाराला मी पत्र लिहिलं, ते वाचून पारुबाई म्हणाली, "बाई, हे सरिताताईला दावल्याबिगर धाडू नका, तो मानूस पाट्या द्यायचंच बंद करंल." मी ते फाडलं. माझी रागाची पत्रं तू एक दिवस ड्रॉवरमध्ये ठेवतेस आणि दुसऱ्या दिवशी 'हे पाठवायचं का?' म्हणून समोर धरतेस, ही तुझी युक्ती मला पहिल्या वर्षापासून कळलेली आहे. बोलले नाही इतकंच. डोळ्याच्या ऑपरेशननंतर पंधरा दिवस तू मला पेपर वाचून दाखवलास आणि मला त्रास होईल अशा बातम्या गाळल्यास, तेही कळलं होतं. आठ पानांचा पेपर वीस मिनिटांत संपत नसतो.

आता मुद्द्यावर येते. मुद्दा परीक्षेचा आहे आणि तो मला पहिल्यापासून लिहावा लागेल, कारण त्यातला काही भाग तुला माहीत नाही आणि उरलेला माझ्यापेक्षा तुलाच जास्त माहीत आहे.

मला स्वतःला पहिली नोकरी चिठ्ठीवर लागली. १९६४ साल. औरंगाबादहून बी. ए. होऊन आले होते, काकांची शाळा तपासनिसांशी ओळख होती. मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला, "काका काय म्हणतात?" बाहेर बाकावर आणखी चार मुली बसल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या हातात प्रमाणपत्रांची पिशवी होती, दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. त्यांना आत बोलावलंही नाही. ती गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही. पण मंडळ माझ्या हाती आलं आणि त्र्याण्णव साली नऊ बालवाड्यांना शिक्षिका निवडायची वेळ आली, तेव्हा ठरवलं की चिठ्ठी चालणार नाही. एकसष्ट अर्ज आले, आणि त्याच्याबरोबर चिठ्ठ्या आल्या त्या निराळ्या. त्या चिठ्ठ्या मी पारुबाईला बंब पेटवायला दिल्या. अर्जांवरची नावं, आडनावं, गावं कागद चिकटवून झाकली आणि प्रत्येकीच्या पदराला नंबर टाचला. लेखी चाळीस गुण, गोष्ट सांगणं वीस, टाकाऊ वस्तूंतून खेळणं करणं वीस. कोण कुणाची, हे कुणालाच कळायचं नाही. कळमनुरीचे एक पुढारी मला म्हणाले होते, "ताई, माणसं निवडता का सोडतीची तिकिटं काढता?" मी म्हणाले, सोडतीत तरी लबाडी नसते.

राहिले वीस गुण. ते व्हरांड्याचे. ती कल्पना माझी एकटीची, आणि तिचा मला केवढा अभिमान होता हे तू पाहिलेलं आहेस. चांगला पेपर लिहिणारी मुलगी लेकरांत रमेलच असं नाही, तर रमते की नाही हे तिला नकळत पाहायचं. लेखी झाली की एकेकीला व्हरांड्यात थांबायला सांगायचं. तिथं पारुबाईनं गल्लीतून आणलेलं एखादं शेंबडं, रडवेलं लेकरू बसवलेलं असायचं. मी ऑफिसच्या खिडकीच्या पडद्याआड. जी लेकराला जवळ घेईल, नाक पुसेल, उगी करील, तिला वीस. जी हात लावणार नाही तिला शून्य, आणि व्हरांड्यात शून्य म्हणजे बाकी सगळे गुण असूनही बाद. पारुबाई तिथंच झाडत असायची. तिला सक्त ताकीद होती की कुणी काही विचारलं तर बहिरं व्हायचं, नाहीतर ती मुलींना खुणा करील अशी मला भीती.

तुझा नंबर चौतीस होता. गडद निळी साडी, नवी, घडीच्या रेघा तशाच. लेकरू पारुबाईची नात मनकर्णा, दोन वर्षांची, नाक ओठापर्यंत आलेलं. तू तिच्यापासून हातभर लांब उभी राहिलीस. पारुबाईला विचारलंस, "मावशी, हे कुणाचं लेकरू हाय?" पारुबाई बहिरी. पुन्हा विचारलंस, "नाक पुसू का तिचं?" मग फाटकापर्यंत जाऊन रस्त्यावर कुणी आहे का बघून आलीस. तिसऱ्यांदा विचारलंस. हात काही लावला नाहीस. मी वहीत शेरा लिहिला, 'चौकशी करते, हात लावत नाही. शून्य.' तुझ्या पुढच्या नंबरची खतीजाबी. ती आली तशी बसली आणि ओढणीनंच नाक पुसून मोकळी झाली. तिला वीस. खतीजाबी आज कळमनुरीची बालवाडी चालवते आणि आपल्याकडची सगळ्यांत चांगली शिक्षिका आहे, म्हणून माझी परीक्षा खरी, असं मी चौदा वर्षं म्हणत आले. चांगली निवडली म्हणजे वाईटच गाळली असणार, असा हिशेब.

तुझी लेखी उत्तरपत्रिका मात्र माझ्या मनातून जाईना. काय अक्षर, काय भाषा. पंधरा दिवसांनी मी तुला पत्र पाठवून लिपिकेच्या जागेसाठी बोलावलं आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "लेकरांचं काम सगळ्यांना जमत नाही. तुला कागदांचं जमेल." तू म्हणालीस, "बरं, बाई." त्या 'बरं'मध्ये काय होतं हे ऐकायला मी थांबले नाही. तेव्हापासून दर परीक्षेचे नंबर तू टाचलेस, गुणांची बेरीज तू केलीस, व्हरांड्याचे शेरे तू उतरवून काढलेस. मंडळाच्या सहलीला सगळ्या बाया लेकरांना कडेवर घेऊन हिंडायच्या, तू डबे सांभाळत बसायचीस. मी मनात म्हणायची, पाहा, माझा अंदाज बरोबर होता. एकदा औंढ्याला देवळाच्या आवारात एक बाई आपलं पोर तुझ्या मांडीवर देऊन चपला शोधायला गेली. तू त्याला असं काही खेळवलंस की ते परत जाईना. तेही मी पाहिलं. पाहिलं आणि विसरले, कारण ते माझ्या वहीशी जुळत नव्हतं.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट तुझ्या लक्षात असेल. नसली तर बरं. परीक्षेच्या तयारीची बैठक होती, सगळ्या शिक्षिका होत्या. तू म्हणालीस, "बाई, व्हरांड्याचा रकाना ठेवायलाच पाहिजे का?" चौदा वर्षांत माझ्या कामात तू घातलेली ती एकमेव शंका. मी काय म्हणाले? "तुला शून्य मिळालं म्हणून रकानाच पुसून टाकू का?" सगळ्या हसल्या. तूही हसलीस. नंतर त्याच बैठकीचा वृत्तांत तू लिहिलास आणि त्यात तुझा प्रश्न लिहिला नाहीस. मी परवा ती वही काढून पाहिली.

यंदा जानेवारीत तू मला सांगितलंस, "या वेळी मला परीक्षेच्या कामात धरू नका. घरचं माणूस बसतंय." मी बरं म्हणाले, कोण ते विचारलं नाही. विचारायचं नाही असा माझाच नियम. होळीच्या आधीच्या रविवारी परीक्षा झाली. चव्वेचाळीस मुली, बारा जागा. सत्तावीस नंबरची मुलगी व्हरांड्यात आली तेव्हा लेकरू पायरीवरून घसरून पडलं. मुद्दाम नाही, खरंच पडलं. ओठाला खरचटलं आणि ते भोकाड पसरून रडायला लागलं. ती मुलगी धावली. जवळ जाऊन एकदम थांबली आणि ओरडली, "मावशी, अवं लेकरू पडलं! उचलू का?" पारुबाईनं माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी पडद्याआडूनच मान हलवली, नाही. मग त्या मुलीनं काय करावं? दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले, लेकरासमोर उकिडवी बसली आणि तोंडानं चिमण्यांचे आवाज काढायला लागली. एक चिमणी, दोन चिमण्या, त्यांचं भांडण. लेकरू रडायचं थांबलं. हसायलाही लागलं. हे सगळं मी या डोळ्यांनी पाहिलं आणि वहीत लिहिलं, 'हात लावत नाही. शून्य.'

त्या दिवशी मी एक गोष्ट केली जी कधी करत नाही. बाहेर गेले आणि तिला विचारलं, का उचललं नाहीस? ती माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "विचारलं होतं की मी. कुणी व्हय म्हणलंच न्हाई." मला ती उद्धट वाटली.

मंगळवारी गुण पक्के करून मी नावांवरचे कागद सोडवले. सत्तावीस, ऐश्वर्या प्रेमानंद खिल्लारे, कुरुंदा. तुझी भाची. लहानपणी सुट्टीत यायची आणि तुझ्या टाइपरायटरच्या टेबलाखाली बसून कार्बन पेपरनं तोंड काळं करायची, ती. खरं सांगते, आधी मला आनंद झाला. वाटलं, बघा आमची सरिता. एक शब्द पुरे होता. 'व्हरांड्यात लेकरू असेल, विचारत बसू नको, उचल,' एवढं घरात बोलली असतीस तर पोरगी यादीत होती. तू बोलली नाहीस. माझ्या परीक्षेची अशी राखण मीसुद्धा केली नसती. मग बुधवारी मी निकाल तुझ्या हाती दिला, फळ्यासाठी सुवाच्य लिहून दे म्हणून. विचारही केला नाही की काय देतेय. तू लिहिलास. बारा नावं, एकही खाडाखोड नाही. आणि खाली तुझा राजीनामा.

मला राग आला. तो तू ओळखतेस. मला वाटलं, भाची नापास झाली म्हणून रुसली. गुरुवारी महिला दिनाचं भाषण होतं, विषय दिला होता 'निवड कशी करावी'. ते सोडून मी तुला जाब विचारायला कुरुंद्याला गेले. तू भावाबरोबर नांदेडला गेलेली. घरात तुझी आई मालनबाई एकट्याच. ओट्यावर हळकुंडं निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत, म्हणाल्या, "तुमीच व्हय त्या बाई? फोटूत लई उंच दिसता." मग पाट दिला, पाणी दिलं आणि हात न थांबवता म्हणाल्या, "लेकरू ठिवून मानूस मोजून राहिलात म्हनं तुमी." मी परीक्षेचं कारण समजावून सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं. पूर्ण ऐकून घेतलं. आणि मग तू नऊ वर्षांची असतानाची गोष्ट मला सांगितली, जी तू मला चौदा वर्षांत सांगितली नाहीस.

तुला ती माझ्याकडून ऐकायची गरज नाही. पण मला काय कळलं हे तुला कळावं म्हणून लिहिते. मालकाच्या मळ्यात हळद शिजत होती, तुझे आईवडील भट्टीवर होते. मालकाची नात रांगत कढईकडे निघाली आणि बायका सगळ्या पाठमोऱ्या. तू झडप घालून तिला उचललंस. मालकीणबाई आल्या, लेकरू तुझ्याकडून घेतलं आणि तिथंच हौदावर नेऊन त्याच्या डोक्यावरून थंड पाणी ओतलं. "चार घागरी," मालनबाई म्हणाल्या. "माघाचा म्हयना. दुसऱ्या दिशी लेकरू तापलं, तर म्हनली ह्या पोरीनंच हात लावला. हिच्या बापाला समद्या गावासमोर हात जोडाया लावले. त्या दिशी मी हिला पयल्यांदा मारलं. म्हनलं, दुसऱ्याचं लेकरू मरून राहिलं तरी इचारल्याबिगर हात लावायचा न्हाई. नातीला बी तेच शिकिवलं." त्यांनी सुपातलं एक किडकं हळकुंड काढून बाजूला टाकलं आणि म्हणाल्या, "लेकरू वाचिवलं म्हनून म्या मारलं. तुमी शून्य देलं. बराबरच की." नंतर मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. ठेचा फार तिखट होता. तू असतीस तर वाढू दिला नसतास.

परत येताना गाडीत मी एकच विचार करत होते. आमच्या घरी लहानपणी येणाऱ्याजाणाऱ्या कुणीही आम्हाला उचलून घ्यायचं, असं मी मुलींना भाषणांत सांगते. 'कुणीही' म्हणजे कोण कोण, हे मी कधी मोजलं नव्हतं. आणि दुसरं असं की आपल्या बालवाडीत एकही लेकरू बेवारस येत नाही. आई येते, शिक्षिकेच्या हातात देते, 'बघा हो बाई' म्हणते, मग जाते. काम तिथून सुरू होतं. मी मात्र परीक्षेला बिनआईचं लेकरू ठेवलं आणि वर पारुबाईलाही बहिरं केलं. जी विचारत होती तिला उत्तर मिळू नये याची व्यवस्था मी स्वतः केली होती. नावं झाकली, आडनावं झाकली, आणि व्हरांड्यात जे झाकलं होतं ते बरोबर उघडं पाडलं.

शुक्रवार-शनिवार सगळ्या वह्या काढल्या. चौदा वर्षांत नऊ परीक्षा. व्हरांड्यात शून्य मिळालेल्या मुली एकतीस. त्यातल्या नऊ जणींनी लेकराकडे पाहिलंही नव्हतं, त्यांचं सोड. उरलेल्या बावीस जणींचे शेरे माझ्याच अक्षरात आहेत. 'कुणाचं आहे म्हणते.' 'आईला शोधते.' 'विचारत राहिली.' नव्याण्णव सालच्या तरन्नुमच्या नावापुढे आहे, 'रुमाल काढला, परत ठेवला.' मग अर्जांवरचे पत्ते पाहिले. बावीसपैकी सतरा पत्ते भीमनगर, सिद्धार्थनगर, नाहीतर नुसतं 'वस्ती'. तरन्नुमचं कारण काय होतं मला माहीत नाही. अंदाज करायची सवय मी सोडायची ठरवली आहे. हे पत्ते तू कितीदा पाहिले असशील, सरिता. बेरजा तूच करत होतीस.

शनिवारी खतीजाबीला बोलावून सगळं सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या बाई, तुमचा हेतू चांगला होता. ती म्हणाली, "मला कुनी कधी अडिवलं न्हाई म्हनून मी पुसलं. त्यात माझी काय हुशारी? आन् बाई, तुमाला आजच कळलं का?" ती स्पष्ट बोलते, म्हणून तर मी तिला निवडलं होतं.

आता काय करायचं ते मी ठरवलं आहे. समितीत सांगणार आहे की हा निकाल थांबवा. व्हरांडा यापुढे बंद. यंदा शून्य मिळालेल्या चार मुलींनी लेकराची चौकशी केली होती. त्या चौघींना औंढ्याच्या बालवाडीत एक आठवडा काम द्यायचं, जिथं आया लेकरं हातात देऊन जातात. पारख खतीजाबी करील, मी त्या आठवड्यात औंढ्याला फिरकणारसुद्धा नाही. मग बाकीच्यांचे आणि त्यांचे गुण एकत्र लावायचे. ऐश्वर्याला मी नोकरी देत नाहीये, हे नीट वाच. तिला जमलं तर मिळेल, नाही जमलं तर नाही. तिला तसं सांग. चिमण्या काढता येणं वेगळं आणि तीस पोरं सांभाळणं वेगळं. औरंगाबादच्या ज्या प्रशिक्षण केंद्रानं माझ्या व्हरांड्यावर लेख छापला होता, त्यांना मी पत्र लिहिलं आहे. ते मात्र रागाचं नाही, त्यामुळे ड्रॉवरमध्ये न ठेवता पाठवलं.

समितीत कुणीतरी म्हणेल की सरिताच्या भाचीसाठी बाईंनी परीक्षा मोडली. म्हणू देत. तो बोल माझ्यावर येईल, तुझ्यावर येऊ देणार नाही. तुझा राजीनामा तुझा आहे. ठेवायचा की मागे घ्यायचा हे तू ठरव. मी तुला परत ये म्हणत नाही. म्हणावंसं फार वाटतं, पण चौदा वर्षं मी म्हणाले आणि तू 'बरं' म्हणालीस. एकदा तरी तुझ्या मनासारखं होऊ दे. आईंना सांग, निघताना बांधून दिलेली हळकुंडं नीट पोचली. पारुबाईनं त्यातलं एक उगाळून मला लावलं, काल पायरीवर घसरले होते. लागलं नाही फारसं. काळजी करून लगेच निघू नकोस.

त्या बावीस जणींना मी एकेक पत्र लिहिणार आहे. काहींची लग्नं झाली असतील, पत्ते बदलले असतील, शोधेन. त्यांतलं हे पहिलं. त्र्याण्णव सालची वही माझ्या घरी ट्रंकेत होती, ती तू कधी पाहिली नाहीस. मीही तेव्हा नंबर चौतीसची बेरीज केलीच नव्हती. शून्य पडलं की पुढची बेरीज करायची नाही, अशी माझी पद्धत. आज सकाळी केली. लेखी अडतीस, गोष्ट सतरा, खेळणं एकोणीस. चौऱ्याहत्तर. मग बाकीच्या साठ जणींचेही व्हरांडा सोडून गुण मांडले. तुझ्या खालोखाल जी आहे तिला एकोणसत्तर. तू पहिली आली होतीस, सरिता. मी दोनदा तपासलं. माझं चुकलं, आणि हे तुला मीच सांगायला हवं होतं, म्हणून लिहिलं.

तुझीच,
बाई